चित्र चांगलं आहे, पण टोचत नाही

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापुरातल्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवतात. रोज रात्री एक राजकीय व्यंगचित्र काढतात, फेसबुकवर टाकतात, दोन-तीन दैनिकांना मेल करतात. चेहरे हुबेहूब जमतात, ओळखीपाळखीचे लोक अंगठे देतात, पण छापून कुठंच येत नाही. एका संपादकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "चित्र चांगलं आहे ओ, पण टोचत नाही." त्यावरून त्यांचे चार प्रश्न आहेत : टोचेल असं कसं काढायचं, अर्कचित्रावर, म्हणजे चेहरा फुगवून काढण्यावर, अजून मेहनत घ्यावी का, नोकरीला काही धोका आहे का, आणि टॅबलेट घ्यावा की शाईवरच राहावं.

सर, तुम्ही जोडलेली चित्रं नीट पाहिली. मी सोलापुरात बरीच वर्षं दैनिकासाठी एक-दोन कॉलमी व्यंगचित्रं काढत आलोय. आधी नोकरीत होतो, आता बाहेरून काढतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा हात तयार आहे. हातात दोष नाही म्हटल्यावर हातावर अजून मेहनत घेऊन प्रश्न सुटणार नाही. तुमची अडचण कागदावर पेन्सिल टेकवायच्या आधीची आहे.

तुमच्या एका चित्रात 'महागाई' लिहिलेल्या धोंड्याखाली माणूस चिरडलाय. दुसऱ्यात पक्ष बदलणारा नेता सरडा झालाय. तिसऱ्यात खुर्चीला डिंक लावलाय. तिन्ही चित्रं बघून मला जे कळलं ते मला सकाळी मथळ्यातच कळलं होतं. महागाई वाढली, अमुक नेता तिकडे गेला, तमुक खुर्ची सोडत नाही. म्हणजे तुम्ही बातमीचं चित्र काढलंत. त्या कामाला संपादकाकडं फोटोग्राफर असतो. वाचकाला चित्रातून बातमीपलीकडचं काही मिळालं नाही की तो "छान" म्हणतो आणि पान उलटतो. सरडा, मगर, खुर्ची, गाढव, तराजू ही मंडळी तर इतकी राबलीत की त्यांना आता पेन्शनवर पाठवायला हरकत नाही.

माझा स्वतःचा अंदाज असा बसत गेला की एका बातमीवर राजकीय व्यंगचित्र होत नाही. त्याला दोन बातम्या लागतात. त्या दोन्ही एकाच दिवशी, बऱ्याचदा एकाच अंकात, पण वेगवेगळ्या पानांवर असतात. छापणाऱ्यांनी त्यांची एकमेकींशी गाठ घालून दिलेली नसते. ती गाठ घालणं हे आपलं काम. दोन बातम्या एका चौकटीत आल्या की कुणाचं तरी बोलणं आणि करणं यातलं अंतर उघडं पडतं आणि टोच तिथून येते. म्हणून मी पेपर उलटा वाचतो. आतली पानं आधी, पहिलं पान शेवटी. पाणीपुरवठा बंदचं निवेदन, निविदांच्या जाहिराती, तहसील कार्यालयासमोरच्या उपोषणाची चार ओळींची बातमी, वाचकांची पत्रं. पहिल्या पानावर घोषणा असतात. घोषणेचं पुढं काय झालं ते पाचव्या-सहाव्या पानावर असतं.

नुसतं असं सांगून कळणार नाही, एक चित्र सुरुवातीपासून करून दाखवतो. विषय आपल्या गावाचा हक्काचा घेतो, पाणी.

उजनी भरली की दरवर्षी दोन गोष्टी घडतात. पहिल्या पानावर आकडा येतो, धरण शंभर टक्के. मागोमाग नेतेमंडळी खण-नारळ घेऊन जलपूजनाला जातात आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो येतो. त्याच आठवड्यात आतल्या पानावर शहराच्या पाण्याचं वेळापत्रक असतं, कुठं चार दिवसांआड, कुठं पाच. दोन बातम्या मिळाल्या. आता नवशिक्या माणसाला पहिलं काय सुचतं? डावीकडं ओसंडणारं धरण, उजवीकडं कोरडा नळ, खाली 'विरोधाभास'. मलाही पहिलं तेच सुचतं. ते कागदावर काढून टाकायचं म्हणजे डोक्यातून जातं, आणि तो कागद बाजूला ठेवायचा. यात दोन बातम्या शेजारी उभ्या आहेत, त्यांची गाठ पडलेली नाही. शिवाय यात कुणी काही केलेलंच नाही. धरण आपोआप भरलं, नळ आपोआप कोरडा पडला. दोष कुणाचा, तर बहुतेक नशिबाचा.

म्हणून दुसरी पायरी अशी की यात कोण काय करतंय ते विचारायचं. उजनी भीमेवर आहे. ती भरते वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यात मावळ पट्ट्यात पडलेल्या पावसानं. जलपूजन करणाऱ्यांचा त्यात नारळापुरताच वाटा. त्यांच्या हातात जे आहे ते धरणापासून घरापर्यंतचं : जलवाहिनी, टाक्या, वितरण, विजेचं बिल. म्हणजे जे हातात नाही त्याचं श्रेय घेतलं जातंय आणि जे हातात आहे त्याचा विषय निघत नाही. झालं, मत सापडलं. मत एका साध्या वाक्यात लिहून काढता आलं तरच पुढं जायचं. लिहिता येत नसेल तर आपल्याला अजून मत नाही, फक्त चीड आहे. चिडीतून घोषणा निघते. व्यंगचित्राचं तेवढ्यावर भागत नाही.

तिसरी पायरी चित्राची. दोन बातम्यांमधली एखादी वस्तू किंवा कृती उचलून दुसरीकडं नेऊन ठेवायची. इथं जलपूजनच उचलू. गल्लीतला नळ. पहाटेचे साडेतीन, वर रस्त्यावरचा दिवा. एक बाई ताट घेऊन नळाची ओटी भरतेय, खण, नारळ, हळदकुंकू सगळं रीतसर. मागं घागरी, कॅन, टपाची रांग. शेजारीण खिडकीतून विचारतेय, "आज कसलं पूजन?" बाई म्हणते, "पाणी आलंय."

आधी मी या बाईच्या तोंडी लांबलचक वाक्य घातलं असतं : "धरणावर तुमचं पूजन, पाचव्या दिवशी आमचं." ते छाटायचं. धरण, नेते, पाचवा दिवस यातलं काहीही चित्रात लिहायची गरज नाही, कारण वाचकानं जलपूजनाचा फोटो काल पाहिलाय आणि रात्री तोही पाण्यासाठी जागलाय. अर्धं चित्र त्याच्या घरीच तयार आहे. आपण फक्त उरलेलं अर्धं द्यायचं. मग तो आपण होऊन नेत्यापर्यंत पोचतो, आणि आपण होऊन पोचला म्हणूनच ते त्याला लागतं.

उन्हाळ्यातही उजनी असाच खुराक देते. धरणाच्या एकूण साठ्यातला निम्म्याहून मोठा भाग, ६३ टीएमसीच्या आसपास, मृतसाठा आहे. त्यामुळं 'उजनी उणे वीस टक्के' असा मथळा येतो आणि बाहेरगावचा माणूस चक्रावतो, की धरण शून्याच्या खाली जातं कसं? आपल्याकडं पाचवीतल्या पोराला ऋण संख्या गणिताच्या तासाआधी उजनीमुळं कळतात. बघा, हेसुद्धा एक चित्र झालं. पण हे नुसतं हास्यचित्र, कारण यात कुणी उत्तरदायी नाही. त्याच वर्गात पाणीवाटपाचा ठराव करणारे मोठे लोक बाकांवर बसवले आणि फळ्यावरचं उणे-अधिक त्यांना सोडवता येत नाहीये असं दाखवलं की ते राजकीय होतं. हास्यचित्र हलकं असतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. शि. द. फडणीसांनी शब्दाविना जे केलं ते करायला मला जन्म पुरणार नाही. पण ते काम वेगळं. तुम्ही विचारलंय ते राजकीय व्यंगचित्राबद्दल.

चित्रात नसलेला माणूस चित्राचा नायक कसा होतो, याचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा धडा अबू अब्राहम यांचा आहे. डिसेंबर १९७५, आणीबाणी. 'इंडियन एक्सप्रेस'मधलं चित्र : राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये आहेत, दार अर्धवट उघडून बाहेरच्या हातात सही केलेला कागद देताहेत आणि सांगताहेत की अजून काही वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. बस. पंतप्रधान चित्रात नाहीत, पोलीस नाहीत, तुरुंग नाही, 'लोकशाही' नावाची रडणारी बाई तर अजिबात नाही. दारातून आत आलेल्या त्या हातामागं कोण उभं आहे ते पाहणाऱ्या प्रत्येकाला कळलं. इथंही गोष्टी दोनच आहेत, वटहुकमांचा सपाटा आणि माणसाची अंघोळ. सरडा काढणाऱ्यानं हे चित्र महिन्यातून एकदा तरी समोर ठेवून बघावं.

आता देशाचं काढू की गावचं? हे परिस्थितीवर आहे. तुमचं फेसबुक पान राज्यभर वाचलं जात असेल, किंवा दिवाळी अंकासाठी काढत असाल, तर दिल्ली-मुंबईच काढा. सोलापूरच्या दैनिकात जागा हवी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, गावचं काढा. दिल्लीत दुपारी काही घडलं की संध्याकाळपर्यंत त्यावरचे शंभर विनोद वाचकाच्या फोनवर येऊन गेलेले असतात. सकाळी तुमचं चित्र येतं तेव्हा ते शिळं झालेलं असतं. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर मात्र दिल्लीतला कुणी चित्र काढत नाही.

तो विमानतळच घ्या. उड्डाणाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. गोव्याचं विमान सुरू झालं जून २०२५ मध्ये. या तीन तारखा एका ओळीत मांडल्या की चित्रकाराला वेगळं काही सुचावं लागत नाही. चिमणी पडल्यानंतर आणि विमान यायच्या आधी मी काढलेल्या एका चौकटीत दोन म्हातारे शेतकरी बांधावर बसून रिकाम्या आभाळाकडं बघताहेत. एक म्हणतो, "आधी धूर तरी दिसायचा." चिमणीच्या बाजूचे आणि विमानाच्या बाजूचे, दोघेही त्यावर रागावले. मला वाटतं ते योग्यच झालं. पण हेही लक्षात घ्या की पहिलं विमान उतरलं त्या दिवशी ते चित्र मेलं. आपला माल दुधासारखा आहे, सकाळचा संध्याकाळी नासतो. म्हणून "ठेवून देतो, कधीतरी कुणी छापेल" हा विचार सोडा. छापलं नाही तर दुसऱ्या दिवशी नवीन.

गावचं काढायचं म्हटलं की अर्कचित्राचा प्रश्न निम्मा सुटतो, कारण गावचे चेहरे वाचकाला पाठ नसतात. पंतप्रधान, मुख्यमंत्री, दोन-चार मोठे नेते सोडले तर तुम्ही कितीही हुबेहूब नगरसेवक काढा, त्याच्या प्रभागाबाहेर तो कुणालाच ओळखू येत नाही. मग लोक कपाळावर नाव लिहितात. तसं करण्यापेक्षा माणूस पदावरून ओळखू द्या. गाडीवरची पाटी, सत्काराचा हार, फीत कापायची कात्री, मागं वाकून चालणारा स्वीय सहायक. अर्कचित्रावर वर्षभर घालवू नका हे माझं उत्तर त्यामुळंच.

मराठी माणसासमोर या बाबतीत दोन मोठी घराणी आहेत. बाळासाहेब ठाकरे 'फ्री प्रेस जर्नल' सोडून ऑगस्ट १९६० मध्ये 'मार्मिक' काढतात, तिथं चेहरा हेच हत्यार आहे. ब्रशचे दोन फटकारे आणि समोरच्याची गुर्मी किंवा भित्रेपणा कागदावर. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांनी त्या फटकाऱ्याची नक्कल करत हात बसवला. दुसरीकडं आर. के. लक्ष्मण. त्यांच्याकडं चेहरे होतेच, पण खरी ताकद प्रसंगात. खड्ड्यांचा रस्ता, मंत्र्याचा दौरा, कचेरीतली टेबलं, आणि १९५१ पासून त्या सगळ्यात कुठंतरी उभा असलेला चौकडीच्या कोटातला कॉमन मॅन, जो एक शब्द बोलत नाही. तो बोलत नाही म्हणून वाचक त्याच्या जागी जाऊन उभा राहतो. ठाकऱ्यांची रेषा बघून हात शिवशिवतो हे खरं, पण जिल्ह्याच्या दैनिकात रोजचं काम करायचं असेल तर लक्ष्मण जास्त उपयोगी पडतात. चेहरा माहीत नसला तरी खड्डा सगळ्यांना माहीत असतो.

प्रसंगाची ही सवय आणखी एका वेळी कामी आली. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट २०२६ च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. नगरसेवक नाहीत, सभा नाही, सभेतली खडाजंगी नाही. व्यंगचित्रकाराचा खाऊच बंद. बदली होऊन येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा काढून कुणाला कळणार? मग महापालिकेच्या इंद्रभुवनातली रिकामी सभा हेच पात्र झालं. धूळ बसलेल्या खुर्च्या एकमेकींशी बोलताहेत, भिंतीवरचे फोटो ठराव मांडताहेत, आणि बाहेर प्रश्न घेऊन उभा असलेला माणूस कुणाचं दार वाजवावं म्हणून घुटमळतोय. उत्तरदायी माणूसच नसणं ही त्या काळातली सगळ्यात मोठी बातमी होती, ती चेहऱ्याशिवायच काढता आली.

इथपर्यंतचं एका दमात सांगतो : दोन बातम्या शोधा, कुणाच्या हातात काय आहे ते ठरवा, मत एका वाक्यात लिहा, वस्तू एका बातमीतून दुसरीत हलवा, शब्द छाटा. चेहरा आला तर आला.

आता मारायचं कुणाला, ते. माझा नियम साधा आहे, ज्याच्या सहीनं काही बदलतं त्याला. रांगेत उभ्या असलेल्याला नाही. हे बोलायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण रांगेतला माणूस काढायला मजेशीर असतो. त्याचं पोट, त्याचं धोतर, त्याची बोली. माणसानं स्वतः कमावलेलं असेल ते फुगवा, म्हणजे तोरा, चाल, कडक इस्त्री, बोट दाखवायची सवय. जन्मानं मिळालेलं, आजारानं दिलेलं, जातीचं किंवा बाईच्या शरीराचं काही फुगवून येणारं हसू स्वस्त असतं. २०१६ साली मराठा समाजाच्या मूक मोर्चांवर 'सामना'त आलेलं व्यंगचित्र आठवा. एका शाब्दिक कोटीवर उभं होतं आणि नेम मोर्चात चालणाऱ्या माणसांवर होता. राज्यभर संताप झाला, शेवटी उद्धव ठाकरे यांनी माफी मागितली. एका व्यंगचित्रकारानं स्थापन केलेल्या पक्षाच्या मुखपत्राची ही गत, तर आपण कोण? कोटी सुचली की ती कुणावर पडतेय ते आधी बघा.

कोटीबद्दल सोलापुरात आणखी एक अडचण आहे. आपला वाचक मराठी पेपर वाचतो, पण घरात कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलतो. शहराच्या पूर्वभागात यंत्रमागाच्या कारखान्यात एक पेपर दहा जणांत फिरतो. मराठी म्हणीवर टांगलेलं चित्र त्यातल्या निम्म्यांना लागत नाही, तुम्ही ते समजावून सांगेपर्यंत विनोद मेलेला असतो. बाई नळाची ओटी भरतेय हे मात्र सगळ्यांना कळतं. शहराची हीच मिसळ प्रतीकं निवडतानाही लक्षात ठेवावी लागते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला आकाशपाळणा, मौत का कुआँ, पाळण्याचं तिकीट यांच्यावर मी भरपूर राजकारण चढवलंय, आणि होम मैदानावरची ती गर्दी आघाडी-युतीसाठी फार सोयीची पडते. त्याच यात्रेतल्या पूजेच्या नंदीध्वजाला मात्र मी हात लावत नाही. भीती हे कारण नाही. नंदीध्वज आला की लोकांचं लक्ष नेत्यावरून उडून नंदीध्वजावर जातं आणि आपला नेम वाया जातो. कुणी दुसरा चित्रकार हे वेगळ्या पद्धतीनं करील, माझा काही आक्षेप नाही.

धोक्याबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. धोका किती, ते तुमच्या शाळेवर आणि परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळं मी "काही होत नाही हो" म्हणणार नाही. शाळा अनुदानित असो वा नसो, खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला वर्तणुकीचा भाग एकदा स्वतः वाचा, आणि छापायच्या आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. संस्थाचालक कुठल्या पक्षाचे आहेत हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही, तुम्हालाही माहीत असणार. टोपणनावाचा फारसा उपयोग नाही. तुमची रेषा शाळेतली पोरंसुद्धा ओळखतील.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि त्यात चित्रानं केलेली बदनामीही येते. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं व्यक्त केलेल्या मताला त्यात अपवाद आहे. म्हणून माणसाच्या कामावर राहा, त्याच्या घरात शिरू नका. 'पैसे खाल्ले' असं सुचवणारं चित्र हे मत नसतं, आरोप असतो, आणि आरोपाला कागद लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, पण बाकीची कलमं आहेतच. दैनिकात छापलं तर मागं संपादक असतो, वकील असतो. फेसबुकवर टाकता तेव्हा संपादक, मुद्रक, प्रकाशक, सगळे तुम्हीच. खरा त्रास बहुतेक वेळा कोर्टातून येतच नाही. फोन येतो, "जरा भेटा." भेटायला एकटं जाऊ नका आणि हसत जा, एवढाच माझा सल्ला. ज्या शहरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांमध्ये 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवणारे कुर्बान हुसेन उभे आहेत, तिथं एका फोनला फार घाबरणंही बरं दिसत नाही.

फोनपेक्षा मला फॉरवर्डची जास्त धास्ती वाटते. चित्राची तारीख गळून पडली की त्याचा अर्थ उलटा होऊ शकतो. व्यंगचित्रकार शंकर यांनी राज्यघटनेच्या कामाच्या संथपणावर १९४९ मध्ये गोगलगाईचं चित्र काढलं, गोगलगाईवर डॉ. आंबेडकर आणि मागं चाबूक घेतलेले नेहरू. त्या वेळी त्यावर काही मोठं वादळ उठलं नाही. तेच चित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आलं आणि २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, पुण्यात पुस्तकाच्या सल्लागारांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. रेषा तीच होती, भोवतालची बातमी निघून गेली होती आणि बघणाऱ्यांचा अनुभव वेगळा होता. दुखावलेल्यांना चित्र कळलं नाही असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. बातमीचा आधार सुटला की चित्र ज्याच्या त्याच्या जखमेवर जाऊन बसतं. म्हणून सही आणि तारीख कोपऱ्यात टाकू नका, कोपरा कापला जातो. ती पात्राच्या पायाशी, सावलीत, भिंतीवरच्या पोस्टरवर, अशा जागी घाला की कापायची म्हटली तर चित्रच फाटेल.

छापून येण्याचं एक साधं गणितही आहे, ते कुणी सांगत नाही. जिल्हा आवृत्तीची पानं संध्याकाळी लागायला घेतात आणि रात्री सुटतात. तुम्ही शाळा, जेवणखाण आटोपून साडेअकराला मेल करता. तोवर तुमची जागा जाहिरातीनं खाल्लेली असते. दुपारी चारपर्यंत पेन्सिलचं कच्चं चित्र डेस्कवर पाठवा, होकार आला तर सहापर्यंत पक्कं. एक नको, दोन पर्याय द्या. उपसंपादकाला निवडायला आवडतं. सुरुवातीला आठवड्यातून एक, ठरलेल्या वारी द्या. रोजचं ओझं नवीन माणसाला खाऊन टाकतं आणि मग सरडे परत येतात. मानधनाची अपेक्षा माफक ठेवा. चित्राचा हक्क कुणाकडं राहील हे मात्र पहिल्याच दिवशी मेलवर लिहून घ्या.

राहिला टॅबलेट. एक कॉलम म्हणजे जेमतेम चार सेंटिमीटर रुंदी आणि वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. बारीक रेषांची जाळी त्यावर चिखल होते, करड्या छटा काळ्या पडतात. तुमची चित्रं ए-थ्री कागदावर सुंदर दिसतात, कॉलमात ती दिसणारच नाहीत. तेव्हा आधी काढलेलं फोनवर बोटाएवढं लहान करून बघा. पात्रं दोन किंवा तीन, रेघ जाड, अक्षरं मोठी. हे निबनंही जमतं, ब्रशनंही, टॅबलेटवरही. टॅबलेटवर चूक पुसता येते आणि फाईल लगेच जाते, एवढीच त्याची सोय. पगारातून हप्ते पडणार असतील तर यंदा घेऊ नका. काळी शाई, दोन निबा आणि फोनमधलं स्कॅनचं अ‍ॅप यावर वर्ष सहज निघेल. जलपूजनाचं चित्र मात्र वापरू नका, ते मी या पावसाळ्यासाठी ठेवलंय.